दप्तर घरी आले

'घरून काम' हा शब्दप्रयोग २०२० सालच्या मार्च महिन्यापासून आपल्या घराघरांत रुळला. त्या महिन्याच्या २५ तारखेस देशभर टाळेबंदी सुरू झाली, आणि तिच्या आगेमागे पुणे-बंगळुरूच्या कचेऱ्यांत बसणारी आपली कित्येक मुले-मुली खांद्याला लॅपटॉपची पिशवी अडकवून इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, बेळगाव येथील आपापल्या घरी परतली. पुढे साथ ओसरली, कचेऱ्यांची दारेही उघडली. तथापि आठवड्यातले दोन-तीन दिवस, आणि काहींच्या बाबतीत सगळेच दिवस, काम घरूनच चालू राहिले आहे. आरंभी सर्वांनाच याचे अप्रूप वाटले. प्रवास वाचला, खाणावळीचे जेवण सुटले, आईच्या हातची पोळी मिळू लागली. पण दिवसभर टेबलापाशी बसूनही काम संपत नाही, रात्री अकरा वाजता पुन्हा यंत्र उघडावे लागते आणि घरातील माणसांना मात्र आपण दिवसभर घरीच होतो असे वाटते, ही तक्रार आता ज्या त्या घरी ऐकू येते. म्हणून या महिन्यात या सदरात त्याच विषयाचा विचार करण्याचे योजिले आहे.

खरे पाहता घरी बसून अर्थार्जन करणे ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नव्हे. वतनदारी होती तोवर गावच्या कुलकर्ण्याचे दप्तर त्याच्या राहत्या घरीच असे. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने ही वतने नष्ट झाली. बेळगाव, धारवाड, विजापूर हे जिल्हे त्या वेळी त्याच राज्यात असल्यामुळे तिकडील कुलकर्णी घराण्यांनाही तो कायदा लागू झाला. वकिलांचे पक्षकार ओसरीवर बसत, वैद्यबुवांची औषधे पुढच्या खोलीत कुटली जात, मास्तरांच्या शिकवण्या माडीवर चालत. या साऱ्यांना घरी काम करण्याचे तंत्र कोणी शिकवावे लागले नाही. याचे कारण त्यांच्या घरांच्या रचनेत होते. ओसरी घराचाच भाग असली तरी ती माजघराच्या बाहेर असे. पक्षकार बसलेले असताना वकीलसाहेबांना कोणी आतून "जरा डबा काढून द्या हो" म्हणून हाक मारीत नसे. आमच्या इंदुरातील जुने वाडे एकेक करून गेले, त्यांच्या जागी तीन खोल्यांच्या सदनिका आल्या, आणि ओसरी नाहीशी झाली. नेमक्या अशाच काळी दप्तर घरी परत यावे, हा योग चमत्कारिक म्हटला पाहिजे.

दुसरे कारण याहून सूक्ष्म आहे. ग्वाल्हेरच्या वाचकांना चंदेरी काही लांब नाही. तेथील विणकराचा माग त्याच्या घरातच असतो. जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून तो मागावर बसला, धोट्याचा खटखटाट सुरू झाला, की काम चालू आहे हे सगळ्या घराला कानांनी कळते. आवाज थांबला की माणूस मोकळा झाला, हेही कळते. घरातील बायकामुले कांड्या भरून देतात. त्यामुळे हे काम म्हणजे काय, त्यात किती कष्ट आहेत, याविषयी कोणालाही संशय नसतो. लॅपटॉपवरील कामाला असा आवाज नाही. हिशेब तपासणारी मुलगी, सिनेमा पाहणारी मुलगी आणि नुसती विचार करीत बसलेली मुलगी, या तिघी पाठीमागून पाहणाऱ्याला सारख्याच दिसतात. त्यातही विचार करीत बसणे हाच पुष्कळदा कामाचा सर्वांत अवघड भाग असतो, आणि नेमके त्याच वेळी ती रिकामी आहे असे समजून तिला हाक मारली जाते.

येथे मुद्दामच मुलगी म्हटले आहे. खरे तर सून म्हणावयास हवे. मुलगा खोलीत बसून काम करू लागला की घरातील मंडळी दबकत चालतात, दूरदर्शन संच हळू लावतात, चहाचा पेला आवाज न करता त्याच्या हाताशी ठेवतात. सून त्याच प्रकारच्या नोकरीत, कदाचित त्याच्याहून अधिक वेतनावर असली, तरी तिच्या टेबलापाशी येणारी वाक्ये निराळी असतात. "अगं, कुरिअरवाला आलाय, जरा बघ." "कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर हं, मी पूजेला बसतेय." "सुमनमावशी आल्यात, दोन मिनिटं येऊन नमस्कार करून जा, तू घरीच आहेस ना!" यांतील एकही वाक्य दुष्टपणाचे नाही. बोलणाऱ्या सासूबाई प्रेमळ असतात. दुपारी सुनेसाठी वेगळी भाजीही करून ठेवतात. 'तू घरीच आहेस ना' हे शब्द मात्र तिच्या आठ तासांच्या नोकरीवर दिवसातून वीस वेळा बोळा फिरवतात, हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

या गोष्टीला आकड्यांचाही आधार आहे. भारत सरकारच्या सांख्यिकी खात्याने देशभरातील लोक दिवसाचे चोवीस तास कसे घालवितात याची पाहणी २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली केली. बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात जाणारा वेळ २०१९ मध्ये दिवसाला २९९ मिनिटे होता, तो २०२४ मध्ये २८९ मिनिटे झाला. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा वेळ ९७ मिनिटांवरून ८८ मिनिटांवर आला. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांची नऊ. मधल्या काळात कोट्यवधी पुरुषांनी महिनेच्या महिने घरात घालविले होते, हे लक्षात घेता हा आकडा वाचून हसावे की काय करावे, हे वाचकांनीच ठरवावे.

जेन ऑस्टिन या इंग्रज कादंबरीकर्त्रीविषयी तिच्या पुतण्याने १८७० साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात एक गोष्ट नमूद केली आहे. चॉटन येथील घरात ती सर्वांच्या बसण्याउठण्याच्या खोलीतच लिहीत असे. त्या खोलीचे एक दार उघडताना करकरत असे, आणि ते दुरुस्त करू देण्यास तिचा विरोध होता. कारण ते करकरले की कोणी येत आहे हे तिला कळे आणि लिहिलेले कागद झाकता येत. याच्या शेजारी चार्ल्स डार्विनचे घर ठेवून पाहावे. १८४२ पासून १८८२ साली मृत्यू येईपर्यंत चाळीस वर्षे त्याने केंटमधील डाऊन हाऊस या आपल्या घरी बसूनच काम केले. सकाळी आठ ते साडेनऊ हा त्याच्या कामाचा सर्वांत चांगला वेळ, मग पत्रे, पुन्हा साडेदहा ते बारा, त्यानंतर बागेतील ठराविक वाटेवर फेऱ्या. कामाचे तास मोजले तर थोडेच भरतात, पण ते अभंग होते. मुले मध्येच खोलीत शिरत, दोरी नाही तर कात्री मागत. चार वर्षांच्या एका मुलाने तर कामाच्या वेळात खेळायला यावे म्हणून वडिलांना सहा पेन्स देऊ केले होते. तरीही घर त्याच्या घड्याळाप्रमाणे चालत राहिले, कारण पत्नी एमा आणि नोकरचाकर ते तसे चालवीत होते. घरी बसून पुष्कळ काम करणाऱ्या थोर पुरुषांच्या दिनचर्या वाचताना त्या घड्याळाला किल्ली कोण देत होते, हे पाहण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आमच्या परिचयातील एका घरी या प्रश्नाचा निकाल सासऱ्यांनी लावला. ते बँकेतून निवृत्त झालेले. साधारण महिनाभर सुनेची ओढाताण पाहून त्यांनी एके सकाळी आपली खुर्ची दिवाणखान्याच्या दाराशी हलवली, आणि सकाळी दहा ते दुपारी एक या वेळात घंटा, दूधवाला, कुरिअर, शेजारीपाजारी यांचे खाते स्वतःकडे घेतले. कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचे कामही त्यांच्याकडेच आले. पहिल्या आठवड्यात डाळ दोनदा करपली. सासूबाईंना प्रारंभी हे रुचले नाही, "यांना या वयात स्वयंपाकघरात उभं करायचं का?" असे त्या शेजारणीपाशी म्हणाल्याचे कानावर आले. परंतु सूनबाईंचे रात्रीचे बसणे बंद झाले आणि जेवणानंतर तिघेचौघे एकत्र बसू लागले, तेव्हा त्यांचे मत पालटले. या व्यवस्थेत सुनेने काही मागितले नव्हते, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडील सुना सहसा असे मागत नाहीत. त्या नोकरी सोडतात आणि मग 'तिला झेपेना' असे सर्वजण म्हणतात.

बायकांनी घरी बसून कमावण्याचा एक नमुना मुंबईने पूर्वीच घालून दिलेला आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला, तीच पुढे लिज्जत पापडाची संस्था झाली. तेथे पीठ केंद्रावर मळले जाते, भगिनी ते घरी नेऊन लाटतात, आणि वाळलेले पापड दुसऱ्या दिवशी केंद्रावर तोलून घेतले जातात. घरात लाटण्या-वाळवण्याला जागा नसेल, तर पीठ मळणे, बांधणी करणे अशी केंद्रावरची कामे घेता येतात. यात मला दोन गोष्टी शहाणपणाच्या दिसतात. काम वजनावर मोजले जाते, कोण किती वेळ बसले यावर नाही. आणि घर कामाजोगे आहे की नाही हा प्रश्न आधी विचारला जातो.

हाच प्रश्न चीनमधील एका प्रयोगातही आधी विचारला गेला होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनी सीट्रिप या प्रवासव्यवस्था करणाऱ्या कंपनीच्या शांघाय येथील दूरध्वनी केंद्रात २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने हा प्रयोग केला. त्याचा वृत्तांत २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली आहे अशांनाच त्यात घेतले. पात्र ठरलेल्या २४९ जणांपैकी सम तारखेस जन्मलेल्यांना आठवड्याचे चार दिवस घरी बसविले, विषम तारखेच्या मंडळींना कचेरीतच ठेविले. घरी बसणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. त्यातील मोठा वाटा मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्याचा, आणि लहान वाटा शांततेचा होता. नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. एवढे वाचून कोणी म्हणेल, झाले, घरच बरे. पण प्रयोग संपल्यावर निवडीची मोकळीक मिळाली तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांनी आपली जागा बदलली. घरी बसलेल्यांतील पुष्कळजण एकटेपणाला कंटाळून कचेरीत परतले. ज्याला जे मानवते ते त्याने निवडल्यावर फायदा २२ टक्क्यांपर्यंत गेला. आणखी एक खोच त्यात आहे: घरून चांगले काम करणाऱ्यांना त्या मानाने बढत्या कमी मिळाल्या. साहेबाच्या डोळ्यांसमोर नसलेला माणूस त्याच्या स्मरणातही राहत नाही, हा मनुष्यस्वभाव शांघायलाही चुकलेला नाही. त्याच कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांवरील पुढचा अभ्यास २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. आठवड्यातील दोन दिवस घरी आणि तीन दिवस कचेरीत, अशा व्यवस्थेत कामात काही उणे पडले नाही, बढत्याही अडल्या नाहीत, आणि राजीनामे एक तृतीयांशाने घटले. निवड करण्याची मुभा असेल त्यांनी हा मध्यम मार्ग अवश्य विचारात घ्यावा. आपल्या गावी कचेरीच नसलेल्यांनी निदान आठवड्यातून एक-दोनदा व्यवसायबंधूंना प्रत्यक्ष भेटावे; वाचनालयाचा एखादा कोपराही त्यासाठी पुरतो.

आता प्रत्यक्ष टेबलाकडे वळू. पलंगावर बसून काम करणे हा पाठीचा आणि झोपेचा, दोन्हींचा घात आहे, यावर अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही. लॅपटॉपची मूळ अडचण अशी की त्याचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असतात. हात सुखात ठेवावेत तर मान वाकते, मान सरळ ठेवावी तर हात अवघडतात. म्हणून यंत्राखाली जाडजूड पुस्तके किंवा जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस आणावी, आणि वेगळा कळफलक जोडून घ्यावा. त्याला फारसा खर्च येत नाही. जेवणाच्या टेबलाची खुर्ची अनेकींना उंच होते, पाय लोंबकळतात. पायांखाली पाट घ्यावा. खिडकी पाठीशी असेल तर पडद्यावर उजेड चमकतो, ती बाजूला असावी. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, असा अमेरिकेतील नेत्रवैद्यांचा सल्ला आहे. त्यासाठी गच्चीवरील तुळस, समोरच्या इमारतीवरील कबुतरे, काहीही चालेल. हातातील मोबाइल मात्र चालणार नाही.

वेळेच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक म्हणजे 'सवडीने बसू' हे धोरण होय. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये एका विनोदी लेखात असे प्रतिपादिले की हाताशी जेवढा वेळ असेल तेवढे काम पसरते. विनोद खरा, पण घरी बसणाऱ्याला तो रोज भोगावा लागतो. अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार टपालखात्यात नोकरी करीत होता. तो पहाटे साडेपाचला लिहावयास बसे, घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिही, आणि न्याहारीपूर्वी तीन तास काम उरकून नोकरीवर जाई. आपल्याला इतके काटेकोर होणे नको; परंतु दिवसातील पहिले दीड-दोन तास कोणत्या एका कामाला द्यावयाचे हे आदल्या दिवशी ठरवून ठेवावे, आणि ते होईपर्यंत पत्रे व निरोप उघडू नयेत. अर्धवट सोडलेल्या कामाचा काही अंश मनात रेंगाळत राहतो आणि पुढच्या कामावर त्याची छाया पडते, हे सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिले आहे. दर पाच मिनिटांनी निरोप पाहणारा मनुष्य दिवसभर अशा छायांत वावरतो. संध्याकाळी तो थकलेला असतो, आणि काय केले असे विचारले तर सांगण्याजोगे थोडेच असते.

स्नान करून, बाहेर जाण्याजोगे कपडे घालून बसावे की नाही, यावर तरुण मंडळी हसतात. हसोत बापडी. कपड्यांनी काम होत नाही हे खरे. पण धुतलेला सदरा घातलेल्या माणसाला "जरा माळ्यावरची परात काढ" असे सांगताना घरातील माणूस क्षणभर थबकतो, एवढा तरी उपयोग आहेच. दार लावता येण्याजोगी खोली नसेल तर दुसरी एखादी खूण ठरवावी. टेबलावरील लहान दिवा लागला म्हणजे काम चालू, विझला म्हणजे बोलावयास हरकत नाही, असे ठरविले तर चार-पाच वर्षांच्या मुलालाही ते समजते. मोठ्यांना समजण्यास थोडा अधिक अवधी लागतो. मागाच्या आवाजाची जागा काही अंशी असा दिवा घेऊ शकेल. मात्र दिवा ठरल्या वेळी विझला पाहिजे. तो रात्रंदिवस जळत राहिला तर आठवडाभरात त्याच्याकडे कोणी पाहणार नाही.

काम संपविण्याची रीत आपल्याकडे जुन्या दप्तरांत होती. कागद एका चौकोनी वस्त्रात, म्हणजे रुमालात, बांधले जात. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद अशाच रुमालांत आहेत. दिवसाचे काम झाले की रुमाल बांधावयाचा आणि फडताळात ठेवावयाचा, मग पुन्हा तो सोडेपर्यंत त्यातील कागद कोणाला दिसत नसत. लॅपटॉपलाही असे एखादे वस्त्र शिवून घेण्यास काय हरकत आहे? उद्याच्या पहिल्या कामाची एक ओळ कागदावर लिहावी, यंत्र बंद करावे, गुंडाळून कपाटात ठेवावे. जेवणाच्या टेबलावर ते उघडे राहिले तर जेवताना एक डोळा तिकडेच जातो.

ज्यांची कचेरी अमेरिकेत आहे त्यांच्या घरी आणखी एक गुंतागुंत असते. न्यूयॉर्कचे घड्याळ मार्चमधील दुसऱ्या रविवारी एक तास पुढे सरकते आणि नोव्हेंबरातील पहिल्या रविवारी एक तास मागे येते. त्यामुळे तेथील सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, आणि हिवाळ्यात साडेसात. आपले घड्याळ हलत नसल्याने ही गोष्ट आईच्या ध्यानात राहत नाही, आणि वर्षातून दोनदा मुलावर रागावण्याचा प्रसंग येतो. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर ते दोन रविवार लाल शाईने लिहून ठेवावेत. नोव्हेंबरातील त्या सोमवारपासून सातच्या सुमारास पाने घेतली, तर मुलाचे जेवण सर्वांबरोबर होते आणि तो साडेसातला आपल्या जागेवर असतो. मार्चनंतर मात्र दिवेलागणीच्या आधीच त्याच्यापुढे काहीतरी खायला ठेवावे, आणि रात्रीचे ताट झाकून ठेवावे.